लायमनच्या मापाचा स्वेटर

थॅचर कॉलेजात पहिली काही वर्षं चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या फुटबॉलला कोणी खेळ म्हणत नसे. प्राचार्य डॉक्टर ब्लेकस्ली त्याला 'तो प्रकार' म्हणत, आणि शनिवारी दुपारी तो प्रकार चालू झाला की अभ्यासिकेची मैदानाकडची खिडकी लावून घेत. अठराशे चौऱ्याण्णव साली आम्ही ओळीने सामने जिंकायला लागलो तशी ती खिडकी आधी अर्धी उघडली, मग पूर्ण उघडली, आणि नोव्हेंबरात तिच्यातून एक दुर्बीण बाहेर आली. ओहायोतला कर्मठ प्रेस्बिटेरियन माणूस यापेक्षा जास्त सैल सुटलेला मी पाहिलेला नाही.

आम्ही जिंकत होतो याला कारण एकच होतं, आणि ते ऑरिन टिंडल सोडून सगळ्यांना आवडायचं. लायमन फेअरचाइल्ड हे त्या कारणाचं नाव.

लायमन पाद्र्याचा मुलगा. सप्टेंबरात आला, आणि पहिल्याच सरावात आमचा कप्तान गस ब्रूबेकरने त्याला फुलबॅकला उभं केलं. फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागचा गडी. आपला हल्ला असला की चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत डोकं घालायचं, आणि त्यांचा हल्ला असला की आपली भिंत फोडून आलेल्याला एकट्याने अडवायचं. आदल्या वर्षी ही जागा ऑरिनची होती. ऑरिन डोकं अगदी मन लावून घालत असे. भिंत मात्र हलत नसे. लायमनने डोकं घातलं तेव्हा भिंतीतली माणसं नंतर गोळा करावी लागली. मी सेंटर होतो, म्हणजे चेंडू मागे सरकवायचो आणि मग सगळे माझ्या अंगावरून जायचे. त्या जागेवरून माणसांचा चांगला अभ्यास होतो, निदान त्यांच्या बुटांचा तरी. लायमन एवढा एकच गडी होता जो अंगावरून गेल्यावर वळून "लागलं का रे?" असं विचारायचा.

सराव संपल्यावर गस म्हणाला, "ऑरिन, उद्यापासून बादली आणि स्पंज तुझ्याकडे."

"मी फुलबॅक आहे," ऑरिन म्हणाला.

"नाही कोण म्हणतंय? बदली फुलबॅक. जवळ बादली असलेला."

त्या काळच्या नियमाप्रमाणे गडी जखमी झाला तरच त्याच्या जागी दुसरा येऊ शकायचा, आणि एकदा बाहेर गेलेल्याला परत यायची सोय नव्हती. म्हणजे बदली गड्याचं सगळं भवितव्य दुसऱ्याच्या हाडांवर. रविवारी चर्चमध्ये ऑरिन डोळे मिटून काय मागतो हे आम्ही त्याला कधी विचारलं नाही. लायमननेच एकदा विचारलं. आम्ही म्हटलं, तुझी खुशाली मागतो.

लायमनचा हेवा करणं सोपं होतं, पण तो उघड करायला जागा मिळत नव्हती. माणसाने जरा तरी मिजास करावी, निदान जिन्यात आपल्याला आधी जाऊ देऊ नये. लायमन उलट ऑरिनलाच विचारायचा, "तू गेल्या वर्षी ही भिंत कशी फोडायचास रे? मला शिकव की." तो मनापासून विचारायचा. अशा वेळी आम्ही सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागायचो.

डोक्याला दुसरं संरक्षण नसल्यामुळे आम्ही सगळे केस वाढवायचो. लायमनच्या केसांची सोनेरी कुरळी आयाळ झाली आणि गावातल्या मुली सरावाला येऊ लागल्या. ऑरिनचे केस खराट्यासारखे उभे राहिले, आणि गस म्हणाला की तू बादलीच घेऊन फिरतो आहेस, तर खराटा शोधायला लांब जायला नको.

पण हे सगळं ऑरिनने गिळलं असतं. त्याच्या घशात अडकला तो स्वेटर.

चर्चच्या महिला मंडळाने ऑक्टोबरात ठराव केला. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी थॅचरने ग्रँगर कॉलेजला हरवून राज्याचं अजिंक्यपद मिळवलं, तर त्या सामन्यात खेळलेल्या प्रत्येक गड्याला गडद लाल लोकरीचा स्वेटर मिळेल, आणि छातीवर पांढरं 'टी' अक्षर असेल. खेळलेल्या गड्याला. काठावर बसलेल्याला नाही. त्याबद्दल मंडळाच्या बाई फार स्पष्ट बोलल्या. ऑरिनचं कॉलेजातलं ते शेवटचं वर्ष. पुढे बापाच्या धान्याच्या दुकानात बसायचं होतं. चार वर्षं गाळात लोळल्यावर तेवढं एक अक्षर छातीवर घेऊन गावात जावं, यापलीकडे त्याने आयुष्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

अकरा बायकांनी अकरा गडी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. ऑरिनच्या ड्रुसिला आत्याच्या वाट्याला लायमन आला.

मी त्या आत्याच्याच घरी वरच्या खोलीत राहायचो, त्यामुळे पुढचं सगळं मला जेवणाच्या टेबलावरून दिसलं. लायमनचं माप घ्यायला त्याला रोज बोलावणं बरं दिसेना. पण देवाच्या कृपेने घरातच एक माणूस जवळपास त्याच बांध्याचा होता.

"हात पसर," आत्या म्हणाल्या.

"आत्या, मला वाचायचंय."

"दोन मिनिटं हात पसरल्याने लॅटिन कुठे पळून जात नाही. हं. खांदे बरोबर. बाह्या बरोबर. छातीत मात्र... मोठा श्वास घे बघू."

ऑरिनने घेतला.

"अजून."

"अजून घेता येत नाही."

"असू दे, असू दे. त्याची छाती जरा भरदार आहे. मी तिथे चार टाके वाढवते."

असं आठवड्यातून दोनदा. ऑरिन चुलीपुढे बुजगावण्यासारखा हात पसरून उभा राहायचा आणि त्याच्या अंगावर लायमनचा स्वेटर इंचाइंचाने वर चढायचा. आधी पोट झालं, मग छाती झाली. आम्ही ओबर्ट कॉलेजला हरवलं त्या आठवड्यात डावी बाही झाली. डेनिंगला हरवलं तेव्हा उजवी. आत्या विणता विणता विचारायच्या, "काल किती टचडाउन केले रे लायमनने?" आणि ऑरिन सुयांकडे बघत आकडा सांगायचा. आकडा कमी करून सांगायची सोय नव्हती. मी समोर बसलेला असायचो.

सामना बघताना सगळं गाव चेंडूकडे बघायचं. ऑरिन लायमनच्या गुडघ्यांकडे बघायचा. गुडघे उत्तम होते. जखमी व्हायचे ते समोरचे, आणि नियमाने नाही पण माणुसकीने ऑरिनला बादली घेऊन त्यांच्याकडे धावावं लागायचं. ऑरिनचं पाणी त्या मोसमात निम्म्या ओहायोच्या तोंडावर पडलं, लायमनच्या तोंडावर एकदाही नाही.

"एकदा तरी पडावं त्याने," थँक्सगिव्हिंगच्या आधी तो मला म्हणाला. "फार नको. मुरगळण्यापुरतं."

"सामन्यानंतर पडला तर?"

"नंतर कशाला? नंतर बिचाऱ्याने सुखात राहावं."

सामन्याच्या आदल्या दुपारी लायमन आत्यांचे आभार मानायला म्हणून माझ्याबरोबर घरी आला. आत्या बाजारात गेल्या होत्या. आम्ही बैठकीच्या खोलीचं दार ढकललं, तर आरशापुढे ऑरिन उभा. अंगात स्वेटर. छातीवर 'टी' अजून निम्माच शिवलेला आणि त्यातून सुई लोंबत होती. ऑरिनने श्वास भरून छाती पुढे काढली होती आणि आरशातल्या माणसाला तो लष्करी सलाम करत होता.

आरशात त्याला आम्ही दिसलो. हात कपाळावरून खाली कसा आणावा हे त्याला बराच वेळ सुचेना.

"आत्याने... माप बघायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"तुला छान दिसतो रे," लायमन म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो पाद्र्यांच्या मुलांच्या चेहऱ्यावर कोणाचं तरी भलं करायचं ठरवताना येतो. मी तेव्हाच काळजी करायला हवी होती. पण मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी ग्रँगरशी सामना झाला. प्राचार्य दुर्बीण घेऊन खिडकी सोडून थेट मैदानावर आले. कडाक्याची थंडी, जमीन दगडासारखी. उत्तरार्धात आम्ही दहा–सहाने पुढे होतो. दहाचे दहा लायमनमुळे. वेळ थोडा उरला होता, चेंडू आमच्याकडे होता आणि आम्ही त्यांच्या हद्दीत होतो. म्हणजे सामना हातात होता. तेव्हा एका साध्या घुसणीनंतर सगळे उठले आणि लायमन उठला नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून पडून राहिला.

बादली घेऊन ऑरिन धावला. सगळा मोसम ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता, आणि धावताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. तो गुडघ्यावर बसला, स्पंज पिळला, लायमनच्या विजारीचा पाय वर केला. मी दोघांच्या डोक्यांवर वाकलो होतो.

"कुठे दुखतंय?" ऑरिनने विचारलं.

"कुठेच नाही," लायमन ओठ न हलवता म्हणाला. "जा. खेळ. स्वेटर घे."

"काय?"

"अरे जा ना, वेड्या! किती वेळ विव्हळू मी?"

आणि त्याने डोळा मारला.

ऑरिन ज्या रंगाचा झाला तो त्या स्वेटरच्या लोकरीच्या जवळपास होता. त्याला अपघात हवा होता. दैवाने दिलं असतं ते त्याने दोन्ही हातांनी घेतलं असतं. हे लायमनने दिलं होतं. पण गस ओरडत होता, पंच घड्याळ काढत होता, आणि त्या मोसमात पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं, "टिंडल, आत ये!" ऑरिनने बादली खाली ठेवली आणि तो आत गेला.

भलं करणाऱ्या माणसाचा हिशोब असा असतो की पुढे काही वाईट घडणार नाही. पुढच्याच डावात गर्दीत आमच्या हाफबॅकच्या हातून चेंडू सुटला. ग्रँगरच्या एका आडदांड गड्याने तो उचलला आणि मोकळ्या मैदानात पळत सुटला. त्याने तो शेवटच्या रेषेपार टेकवला असता आणि त्यानंतरची जादा गुणांची लाथ खांबांमधून गेली असती, तर ते बारावर आणि आम्ही दहावर. त्याच्या आणि रेषेच्या मध्ये एकच माणूस होता. परत यायची सोय नसलेला लायमन काठावर होता, आणि मध्ये ऑरिन.

ऑरिनने डोकं घातलं. मन लावून, नेहमीसारखं. या वेळी भिंत नव्हती, एकच माणूस होता, आणि तो पडला. ऑरिनच्या नाकावर त्याची टाच बसली. आवाज मला लांबून ऐकू आला. नाक एका बाजूला गेलं, पण हात सुटले नाहीत. "डाउन!" म्हणजे आता थांबलो, असं तो गडी शेवटी ओरडला तेव्हाही ऑरिनने त्याला सोडला नाही, पंचाला येऊन बोटं उघडावी लागली.

लगेच वेळ संपली. आम्ही अजिंक्य झालो. गाव मैदानात घुसलं आणि लायमनला खांद्यावर घेतलं. दुखरा पाय जपून, एका बाईंनी खाली आपली शाल धरून. नाकातून रक्त गळणारा ऑरिन त्या मिरवणुकीच्या मागून चालत होता. हातात बादली होती. सवयीने उचलली असावी.

इथेच संपायला हवं होतं. पण ग्रँगरने तक्रार केली.

झालं असं की ऑरिनने तो गडी पाडला, तेव्हा काठावरचा लायमन आनंदाने बाकावर चढून नाचला होता. दोन्ही पायांवर. ग्रँगरच्या व्यवस्थापकाने ते स्वतः पाहिलं होतं. खोट्या दुखापतीवर गडी बदलला असेल तर सामना रद्द, अजिंक्यपद ग्रँगरला.

पुढच्या शनिवारी चर्चच्या तळघरात चौकशी बसली. अध्यक्ष होते तिसऱ्याच कॉलेजचे रेव्हरंड ॲपलगेट. टेबलावर बायबल होतं. एका बाजूला ग्रँगरची माणसं, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि आमच्यामागे महिला मंडळ मांडीवर अकरा स्वेटर घेऊन.

"फेअरचाइल्ड," रेव्हरंड म्हणाले, "तुम्हाला इजा झाली होती की नाही?"

लायमन उठला. त्याचा चेहरा बघून गस "देवा" असं पुटपुटला. लायमन खरं बोलणार होता. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. विव्हळण्यातच त्याचा खोटेपणाचा सगळा साठा संपला होता.

मी ऑरिनकडे पाहिलं. त्याला काही करायची गरज नव्हती. गप्प बसला असता तरी पुरे होतं. गावाचा लाडका, आत्यांचा लाडका, सोनेरी आयाळीचा लायमन फेअरचाइल्ड सगळ्यांसमोर लबाड ठरला असता. ऑरिनने सप्टेंबरापासून यापेक्षा सुंदर स्वप्न पाहिलं नसेल. त्याबरोबर स्वेटर गेला असता, एवढंच. ऑरिनची नजर आधी लायमनवर होती. मग ती आत्यांच्या मांडीवर गेली.

"सर, मी—" लायमन म्हणाला.

"बसून बोल, लायमन," ऑरिन म्हणाला. "त्या पायावर उभा राहू नकोस."

लायमन गोंधळून बसला.

"तुम्ही कोण?" रेव्हरंडनी विचारलं.

"ऑरिन टिंडल. बादली माझ्याकडे असते. गुडघा मी पाहिला होता. टम्म सुजला होता. आनंदात माणसाला वेदना कळत नाहीत, सर. तो नाचला त्याचंच तर आता भोगतोय."

"बायबलवर हात ठेवून सांगाल?"

ऑरिनने हात ठेवला. फुटलेल्या नाकामुळे शपथ जरा गेंगाणी निघाली, पण निघाली. तसं नाक असलेल्या माणसावर अविश्वास दाखवायला रेव्हरंड धजले नाहीत. तक्रार फेटाळली गेली.

बाहेर आल्यावर लायमनने त्याचा हात धरला. "तू माझ्यासाठी खोटी शपथ घेतलीस."

"स्वेटरसाठी घेतली."

"तू असंच म्हणणार. पण तू केवढा दिलदार आहेस ते मला कळलंय."

ऑरिनने आपला हात सोडवून घेतला. त्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. आम्ही समजलो नाकामुळे.

आता लायमनला लंगडणं भाग होतं. त्याच्या लक्षात राहायचं नाही. जिना दिसला की तो तीन-तीन पायऱ्या उड्या मारत चढायचा. म्हणून ऑरिन त्याच्या मागे असायचा. "पाय," तो मागून हळूच म्हणायचा, आणि लायमन लंगडायला लागायचा. काही दिवस ऑरिनचे मजेत गेले. लायमनला बर्फावर स्केटिंग नाही, नाताळच्या नाचात भाग नाही, सगळं ऑरिनच्या एका शब्दावर. पण मग मुली लायमनची पुस्तकं उचलायला लागल्या. प्राचार्यांनी प्रार्थनेत त्या गुडघ्याचा नावानिशी उल्लेख केला. ड्रुसिला आत्यांनी त्याच्यासाठी सफरचंदाचा केक केला आणि तो पोचवायला ऑरिनला पाठवलं. डिसेंबरच्या मध्यावर ऑरिन मला म्हणाला की त्याला आता त्या लंगडण्याचासुद्धा हेवा वाटतो.

"तुझं नाक खरोखर मोडलंय," मी म्हटलं.

"नाकासाठी कोणी केक करत नाही."

फोटोच्या दिवशी घोटाळा उघडा पडला. स्वेटर अकरा होते. सामन्यात खेळलेले गडी बारा. लोकर संपलेली, नवीन लोकर येऊन बारावा स्वेटर होईपर्यंत वसंत ऋतू येणार होता. मंडळाच्या बाई म्हणाल्या, वाट बघा. फोटोग्राफर म्हणाला, मी सिनसिनाटीहून आलोय. गस म्हणाला, "ऑरिन, तू मागच्या रांगेत उभा राहा, गळ्यापर्यंत झाकला जाशील."

तेवढ्यात लायमन काठी टेकत पुढे आला, डोक्यावरून स्वेटर काढला आणि ऑरिनच्या हातात दिला. "घाल. तुझ्याच अंगावर विणलाय."

सगळ्यांसमोर. आत्या रुमालात रडल्या. प्राचार्यांना खोकला आला. ऑरिनला नाही म्हणता आलं असतं. म्हणाला नाही.

तो फोटो अजून व्यायामशाळेच्या ओसरीत टांगलेला आहे. वीस वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आम्ही दोघं त्याच्यापुढे उभे होतो. ऑरिन आता धान्याच्या दुकानाचा मालक, पोट सुटलेला, नाक अजून डावीकडे बघणारं. फोटोत अकरा जण गडद स्वेटरांत, सगळे सारखे, एका ढिगातल्या बटाट्यांसारखे. आणि मधोमध खुर्चीवर, हातात काठी, पांढऱ्या शर्टात एकटाच लायमन. डोळा दुसरीकडे जातच नाही.

दोन विद्यार्थी शेजारी येऊन थांबले. "हा मधला कोण हो?" एकाने विचारलं. "याला स्वेटर नाही मिळाला?"

"मिळाला होता. त्याने दुसऱ्याला दिला," मी म्हटलं.

"अरे वा! आणि काठी?"

"शेवटच्या सामन्यात गुडघा गेला."

ऑरिन वीस वर्षं गप्प होता. त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"गुडघाबिडघा काही गेला नव्हता," तो म्हणाला. "ढोंग होतं सगळं. मी स्वतः पाहिला तो गुडघा. बदली गड्याला आत जाता यावं म्हणून मुद्दाम पडला होता तो. ऐन अजिंक्यपदाच्या सामन्यात!"

पोरं फोटोकडे बघत राहिली. मग त्यांतला धाकटा हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे जागाही दिली आणि स्वेटरही दिला? काय माणूस असेल हो!" दोघांनी टोप्या काढल्या. मग विचारलं, "आणि तो बदली गडी कोणता?"

ऑरिनने मागच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवलं. पोरांनी वाकून बघितलं.

"हा असा का दिसतोय? गाल फुगवून?"

"श्वास धरून ठेवलाय," ऑरिन म्हणाला. "छातीत चार टाके जास्त होते."